गोधडी दिली, उशी रोखली

मुलांनो, परदेशातल्या भूकंपग्रस्तांसाठी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत आम्ही पांघरुणं गोळा करत होतो. टेबलाशी मी बसले होते. एक अनोळखी बाई घरी शिवलेली गोधडी आणि उशी घेऊन आली. देशाचं नाव ऐकताच तिने दोन्ही परत काखेत मारल्या.

"त्यांनी मला व्हिसा नाही दिला, मावशी! मुलगा तिकडे आहे, नातू झालाय. तोंड नाही बघितलं अजून."

"अहो, पण तिथली पोरं थंडीत उघड्यावर झोपताहेत."

तिने जरा विचार केला आणि गोधडी माझ्यापुढे ठेवली. "ही घ्या. उशी व्हिसा आल्यावर. आपण रागावलोय हे त्यांना कळायला नको?"

माझ्या लहानपणी परदेशातून मदतीचा लाल गहू यायचा. त्यालाही अटी असत, असं वडील सांगायचे. अट काखेत दाबलेली मात्र मी पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या दिवशी ती उशीसकट हजर.

"काय म्हणाले ते, गोधडी बघून?" तिने विचारलं.

"अहो, पांघरुणांचा टेम्पो अजून इथेच उभा आहे!"

"असू दे. थांबते मी."

माझ्या शेजारची खुर्ची ओढून ती बसली. उशी तिने मांडीवर आडवी घेतली आणि नकळत थोपटू लागली.