रथाच्या चाकांवरचं पाणी

आमच्या आळीतल्या देवळाचा रथ चैत्रात निघतो, आणि तो माझ्या अंगणात शिरल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. यात माझी काही थोरवी नाही. रथाला वळता येत नाही, एवढंच. पुढची चाकं आसाला घट्ट, त्यामुळे तो सरळ जातो नाहीतर थांबतो. आळीच्या टोकाला कोपरा अरुंद, आणि त्या कोपऱ्यावर माझं घर. मग फाटक उघडायचं, रथ अर्धा आत घ्यायचा, चाकांखाली लाकडी पाचरी ठोकायच्या, पहारी लावून त्याचं तोंड फिरवायचं आणि दुसऱ्या गल्लीत ओढून न्यायचा. न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरवाले चुकलेलं वळण घेताना जो खटाटोप करतात तसाच. मी तिकडे एका कचेरीत उभी हयात नोकरी केली, त्यामुळे हा खटाटोप मला चांगला ठाऊक आहे.

रथ अंगणात आला की देव पाहुणा झाला, अशी आमच्याकडची रीत. पाहुण्याचे पाय धुवायचे. म्हणून घरच्या बाईने घरच्याच विहिरीचं पाणी चारही चाकांवर घालायचं, हळदकुंकू लावायचं, आणि मगच दोर ताणायचा. पाणी पडल्याशिवाय रथ अंगणातून बाहेर ओढत नाहीत. लग्न होऊन आले त्या वर्षापासून हे पाणी मी घालत आले. आधी सासूबाईंनी माझ्या हाताला हात लावून घालून घेतलं, पुढे मी एकटीने.

नवरा गेला त्या वर्षी मी दार लावून आत बसले होते, पाणी कुणी घातलं ते पाहिलंही नाही. पुढच्या चैत्रात मात्र नेहमीसारखा तांब्या भरून बाहेर आले. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. थोरले दीर देवस्थान समितीचे अध्यक्ष, जरीकाठी सोवळं नेसून रथाच्या पुढ्यात उभे. त्यांनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. हिसकावला नाही हं, अगदी सभ्यपणे काढून घेतला. आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तू नको. चाकांना सवाष्णीचा हात लागू दे." तांब्या त्यांनी माझ्या जावेच्या, म्हणजे स्वतःच्या बायकोच्या, हातात दिला. त्या पुढे झाल्या. माझ्या अंगणात, माझ्या विहिरीच्या पाण्याने जाऊबाईंनी चाकं धुतली, आणि मी माझ्याच पायरीवर रिकाम्या हातांनी उभी राहिले.

त्या दिवशी मी रडले नाही. राग मात्र आला. लोक म्हणतात, देवाच्या कामात मनात किल्मिष ठेवू नये. मी ठेवलं. चांगलं वर्षभर, लोणच्यासारखं, दादरा बांधून ठेवलं.

पावसाळ्यानंतर डासांचा सुळसुळाट झाला आणि नगरपालिकेची माणसं विहिरी झाका म्हणून सांगत फिरली. बाकीच्यांनी जाळ्या टाकल्या. मी लोखंडी झाकण बसवून घेतलं, बिजागऱ्यांचं, कडीकुलूपवालं. दीर स्वतः बघायला आले. "चांगलं केलंस, डेंग्यू फार आहे," म्हणाले. मी त्यांना चहा दिला. दिवाळीला फराळ पाठवला, संक्रांतीला तिळगूळ दिला, गोड बोलले. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे मला माहीत होतं. फक्त नाक हातात यायची वाट बघायची होती.

चैत्र आला. दुपारी ढोलताशांच्या गजरात रथ फाटकापर्यंत पोचला. केबलच्या तारा बांबूंनी वर उचलून धरल्या होत्या. मी फाटक सताड उघडलं. रथ आत आला, पाचरी बसल्या, पहारी लागल्या, तोंड फिरलं. ढोल थांबले. जाऊबाई हळदकुंकवाचं ताट आणि रिकामा तांब्या घेऊन ठरल्याप्रमाणे विहिरीकडे गेल्या, आणि झाकणाला कुलूप बघून तिथेच थबकल्या.

दीर माझ्याकडे आले. "किल्ली दे."

"किल्ली कमरेला आहे, भाऊजी," मी म्हटलं. "पाणी कोण घालणार ते आधी ठरू दे."

त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी कुणाकडून तरी बिसलेरीची बाटली मागवली आणि जावेच्या हातात दिली. जाऊबाईंनी झाकण फिरवलं, तोच दोराच्या टोकाशी हालचाल झाली. रथ ओढायला सुकापूरकडची माणसं येतात, पिढ्यान्‌पिढ्या. त्यांच्यातल्या म्होरक्याने दोर खाली टाकला आणि सरळ जमिनीवर बसकण मारली. मागची सगळी रांग बसली.

"बाटलीचं पानी चालनार नाय," तो विहिरीकडे बोट दाखवत म्हणाला. "बावीचंच पानी लागतं. त्याबिगर आमी दोराला हात लावनार नाय."

त्याला माझा पुळका आला होता असं नाही. त्याला त्याची रीत हवी होती, मला माझी. दोघांचं जमलं.

ऊन रणरणत होतं. रथावर बसलेले पुजारी उपरण्याने वारा घेत होते. दीरांनी त्यांच्याकडे आशेने पाहिलं. ते म्हणाले, "माझी कशालाच हरकत नाही. देवाला ऊन लागतंय, काय ते लवकर उरका."

दीर माझ्या जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, लोकांसमोर तमाशा कशाला?"

"तांब्या लोकांसमोरच काढून घेतला होतात."

त्यांनी फाटकाकडे पाहिलं. फाटकाबाहेर गर्दी वाढत होती, मोबाइल वर उचलले जात होते. मागे वळायची सोय नव्हती, रथाला आणि त्यांनाही. शेवटी पुटपुटले, "बरं, घाल बाई तूच."

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "गेल्या वर्षी मोठ्याने बोलला होतात."

मग ते मोठ्याने बोलले. सगळ्या आळीने ऐकलं. मी कुलूप काढलं, पण पोहरा घेतला नाही. त्यांच्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही काढा पाणी. अध्यक्ष आहात." आणि अध्यक्षांनी सोवळ्याचा काचा सावरत रहाटाचा दोर ओढला. पाणी हिंदकळून त्यांच्या जरीच्या काठावर सांडलं. तो क्षण मी अजून चघळते. कुणी मला हलकी म्हणो, मला फार फार बरं वाटलं.

तांब्या भरून त्यांनी माझ्या हातात दिला आणि विहिरीच्या कठड्याला टेकले. दम लागला होता. हात छातीवर गेला. त्यांच्या हृदयाची तक्रार घरात सगळ्यांना माहीत आहे. मी चाकांवर पाणी घालू लागले, जाऊबाई ताट धरून माझ्याबरोबर फिरत होत्या. पण त्यांचं लक्ष ताटाकडे नव्हतं, कठड्याकडे होतं. तिसऱ्या चाकाशी त्या माझ्या कानाशी आल्या. आवाज इतका बारीक की ढोल वाजत असते तर ऐकूच आला नसता.

"उद्या माझ्यावर तुझ्यासारखी वेळ आली," त्या म्हणाल्या, "तर या अंगणात मला ताट धरू देशील ना गं?"

मी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं. हो म्हणायला काय लागतं? शब्द अगदी ओठांवर आला. पण गेल्या वर्षी माझा तांब्या हातात घेताना त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. हे मला आठवलं, आणि शब्द मी परत गिळला.

"बघू," मी म्हटलं, आणि चौथ्या चाकावर पाणी घातलं.

दोर ताणला गेला, रथ हलला, गर्दी त्याच्या मागे गेली. तेव्हापासून जाऊबाई दर आठवड्याला काहीतरी करून आणतात, कधी पुरणपोळी, कधी नारळाच्या वड्या. भाऊजींची तब्येत सांगतात, मग माझ्या तोंडाकडे बघत बसतात. विचारत नाहीत. मी वड्या खाते, डबा धुऊन परत देते, आणि काही सांगत नाही.