सुलभाताईची उंच गाडी

फोन अनंतरावांचा होता, आणि तेच मला आधी वेगळं वाटलं. नंबर लावायची ती नेहमी सुलभाताई, आणि मग फोन त्यांच्या हातात द्यायची. दुपार कलत होती, डमडमच्या आमच्या घरात मी पंख्याखाली पेंगत होते. "मंजू, सुलभा उठत नाहीये," ते म्हणाले. "हात गार लागतोय. जरा येतेस का?" मी बेहालाला पोचेपर्यंत शेजारचे डॉक्टर येऊन गेले होते. जेवून आडवी झालेली सुलभाताई झोपेतच गेली होती. अनंतराव तिच्या उशाशी बसले होते. खिडकीतून येणारं ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर पडलं होतं आणि ते डोळे मिटत नव्हते. त्यांना दिसत नाही, हे त्या क्षणी मी विसरूनच गेले होते...

त्याला आता काही आठवडे झाले. अजूनही तिच्याबद्दल लिहायला बसले की मला आधी ती नाही, तिची गाडीच दिसते. सुलभाताई माझ्याहून बरीच मोठी, पण पहिल्याच भेटीत तिने माझं अहो-जाहो बंद करवलं होतं. माझ्या नवऱ्याची बँकेतून इथे बदली झाली, तेव्हा या शहरात मराठीत बोलणारं पहिलं माणूस मला ती भेटली. ती शाळेत हिंदी शिकवायची. अनंतराव सरकारच्या भूगर्भ खात्यात होते. हिवाळा आला की ते पुरुलियाकडे तंबूत राहायला जायचे आणि ती लहान मुलीला घेऊन इथे एकटी. परत आले की ते तिला तिथल्या एका नदीबद्दल सांगत. खडकाळ पात्र, पलीकडे सालाचं रान, रानातल्या मोकळ्या जागेत त्यांचा तंबू. एकदा तुला नेईन म्हणायचे. मुलीची शाळा, मग कॉलेज, मग तिचं लग्न होऊन बंगळूरला जाणं, यात ते राहूनच गेलं.

निवृत्तीनंतर अनंतरावांनी एक जुनी जीप घेतली ती त्या नदीसाठीच. सुलभाताई तिला म्हैस म्हणायची. पण पहिल्या खेपेला म्हैस नदीतल्या धोंड्यांवर अडकली. चाकं लहान पडली, गावकऱ्यांनी ढकलून बाहेर काढली आणि दोघं अलीकडूनच परत आले. त्याच वर्षी अनंतरावांची नजर जायला लागली. हळूहळू कडेकडेने अंधार आत सरकत होता, आणि तो थांबणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा साठी उलटलेली सुलभाताई जीप चालवायला शिकली आणि एके दिवशी ती घेऊन गल्लीतल्या तपनदाच्या गॅरेजात गेली. मोठी चाकं घालायची म्हणजे ती वर घासणार, आणि घासू नयेत म्हणून गाडीची बॉडीच खालच्या सांगाड्यापासून वर उचलायची. मधल्या जुन्या रबरी गाद्या काढून तिथे जाड गट्टू बसवायचे. ती मला म्हणाली, "म्हशीला उंच टाचांच्या चपला घालतेय."

ते काम चालू असताना मी बरेचदा तिथे असे. बोल्ट इतके गंजले होते की तपनदा रोज त्यांना तेल पाजायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात लावून बघायचा. शेवटी एका बाजूला जॅक लावून, वर लाकडाची फळी ठेवून त्याने बॉडी उचलायला सुरुवात केली. दीर्घ सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि बॉडी सांगाड्यापासून सुटली. मधे उजेडाची एक फट दिसली. सुलभाताई तिथेच उकिडवी बसली आणि त्या फटीतून पलीकडचा अंगणातला हौद, त्यावरची शेवग्याची सावली बघत राहिली. मग तिने अनंतरावांचा हात धरून त्या फटीत ठेवला. तेव्हा त्यांना एका डोळ्याने थोडं दिसत होतं, तरी त्यांनी डोळे मिटूनच तो मधला वारा अनुभवला...

पण बॉडी वर गेली तशी स्टिअरिंगची दांडी तोकडी पडली. जोड बनवून घ्यायचा, तर दुर्गापूजा तोंडावर आलेली. गल्लीत मंडपाचे बांबू उभे राहिले, गॅरेजापुढेच दिव्यांची कमान झाली आणि आत बिनस्टिअरिंगची जीप अडकून पडली. पूजा झाली, कालीपूजाही झाली. त्यानंतरच्या एका सकाळी चहा घेताना अनंतरावांनी विचारलं, "अजून उजाडलं नाही का?" बाहेर लख्ख ऊन होतं.

सुलभाताईने तपनदाला काम थांबवायला सांगितलं. अनंतरावांनी गाडीची चौकशी केली, तेव्हा आता ती कशाला, एवढंच ती म्हणाली. मी तिथेच बसले होते. ते बराच वेळ कप चाचपत राहिले. मग म्हणाले, "मला कुठे नदी बघायची होती गं? मला तुला दाखवायची होती."

गाडीचं राहिलेलं काम पुरं करून घेतलं आणि भर थंडीत आम्ही तिघं गेलो. गाडी आता इतकी उंच झाली होती की बुटक्या सुलभाताईला आधी प्लास्टिकच्या स्टुलावर चढावं लागे. स्टुलाला तिने दोरी बांधली होती. वर बसली की ती दोरीने स्टूल ओढून आत घ्यायची आणि माझ्या मांडीवर ठेवायची. नदीशी पोचलो तेव्हा धुकं नुकतं विरत होतं. "उजवीकडे पाणी खर्जात वाजतंय," अनंतराव म्हणाले, "तिकडे खोल असेल. डावीकडून घे." ती डावीकडून शिरली. मागे मी जीव मुठीत धरून. चाकं धोंड्यांवर चढत होती, उतरत होती, आणि ती मोठ्याने सांगत होती... काळा खडक, त्यावर बगळा, पलीकडे पिवळं गवत, धूर, कोणाची तरी शेळी. मधोमध आल्यावर तिने इंजिन बंद केलं. नुसतं पाणी वाजत राहिलं.

पलीकडे तंबूच्या जागी गवताशिवाय काही नव्हतं. सुलभाताई त्यात अनवाणी फिरून आली. मला हळूच म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, हे यांनी माझी समजूत घालायला रचलेलं असेल. तर सगळं खरंच आहे गं इथे." आणि मग तिने पदराने तोंड पुसलं. त्यानंतरचे दोन हिवाळेही ती दोघं तिथे गेली.

आता मुलगी अनंतरावांना बंगळूरला बोलावते आहे. बघू म्हणतात. बॅटरी उतरू नये म्हणून तपनदा अधूनमधून येऊन गाडी फिरवतो. गेल्या रविवारी मी तिथे होते. तपनदा ताडमाड उंच. आत बसून त्याने सीट मागे सरकवायला खटका ओढला, तो आवाज ऐकून शेजारच्या सीटवरून अनंतराव म्हणाले, "ओटा थाक, तपन." राहू दे. त्याने सीट पुन्हा होती तिथे, अगदी पुढे नेऊन बसवली. मग गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर काढून, पाठ वाकवून, तो गाडी हळूहळू गल्लीबाहेर घेऊन गेला.