गादीवाल्याची दुपार

गादीवाला गादीवरच गेला, यात लपवण्यासारखं काय होतं? पण मुलाने लपवलं आणि ती गप्प राहिली. आता शोकसभेत पहिल्या रांगेत बसून ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

नवरा तिचा लाखात एक. लग्न झालं तेव्हा तो लोकांच्या दारात बसून जुन्या गाद्या उसवायचा, कापूस पिंजायचा आणि पुन्हा भरून द्यायचा. तीही शेजारी बसून टाके घालायची. पुढे दुकान झालं, दुकानाचा कारखाना झाला, स्प्रिंगच्या गाद्या हॉटेलांत जाऊ लागल्या. माणूस मात्र तोच राहिला. जुनं गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं की आधी विचारायचा, "झोप लागते ना?" लोकांना वाटायचं, आपल्या प्रकृतीची चौकशी करतोय. तो गादीची करायचा.

नवी गादी पारखायची त्याची रीत एकच. दुपारी जेवायचं आणि कारखान्याच्या मागच्या खोलीत तिच्यावर आडवं व्हायचं. शिलाईची मशिनं बंद, सगळे चवड्यांवर चालणार. झोप लागली तर गादी पास. नाही लागली तर हा गालावर वळ घेऊन उठणार आणि कुठला कोपरा हलका भरलाय ते बरोब्बर दाखवणार. कारखान्यात त्याला कुंभकर्ण म्हणायचे. त्यावर तो म्हणायचा, "कुंभकर्णाच्या झोपेचा एवढा गवगवा झाला, पण त्याची गादी कुणी भरली हे कुणी विचारलं नाही." रात्री मात्र याच्या डोळ्याला डोळा नाही. मग तिला उठवून गप्पा मारत बसायचा. ती चिडायची, पण उठून बसायची, कारण त्या गप्पा तिला फार आवडायच्या.

लाज वाटायची ती दुपारची. एवढ्या मोठ्या कारखान्याचा मालक भर दुपारी घोरतो, हे व्याह्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? फोन आला की "ते मीटिंगमध्ये आहेत" हे वाक्य तिच्या तोंडात अगदी बसून गेलं होतं.

त्या दिवशीही तो असाच आडवा झाला. मशिनं थांबली. चहाची वेळ टळली तरी थांबलेलीच राहिली. शिलाईवरचा मास्तर दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नुसत्या बोटाने गप्प करत होता. सगळ्यांना वाटलं, गादी झकास उतरली आहे. शेवटी मास्तरच आत गेला. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्यांना कळलंही नसेल. ते ऐकून रडता रडता तिच्या मनात आलं, याहून त्याला दुसरं काय हवं होतं.

मुलगा म्हणाला, "आई, झोपेचं कुठे बोलू नकोस. लोक हसतील. टेबलावर काम करता करता गेले, असं मी सगळ्यांना सांगितलंय."

तिने नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर तिला हायसंच वाटलं.

सभेत बँकेचा मॅनेजर म्हणाला, "आराम म्हणजे काय, हे त्यांना माहीतच नव्हतं." हॉटेलवाला म्हणाला, "त्यांना पाठ टेकताना कुणी पाहिलं नाही." कारखान्याची माणसं मागे बसून निमूट ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा जीव कासावीस झाला. हा कोण भलताच खडूस माणूस? याच्याशी तिने संसार केला नव्हता. आज कुणी बोललं नाही तर हाच लोकांच्या लक्षात राहणार आणि तिचा माणूस पुसला जाणार. आणि बोलायचं तर तिनेच.

तिचं नाव पुकारलं. ती उठली ती मनाशी पक्कं करूनच, की सरळ सांगायचं, हा माणूस झोपायचा म्हणून हा कारखाना उभा राहिला. माइकसमोर गेली. समोर व्याही, विहीणबाई, व्यापारी. मुलगा डोळ्यांनीच विनवत होता.

"त्यांनी," ती म्हणाली, "आयुष्यात विश्रांती कशी ती घेतली नाही."

मग लोक रांगेने भेटायला आले. मास्तर आला तेव्हा तिने नजर खाली वळवली. हा काही न बोलता पुढे जाईल, आणि तीच आपली शिक्षा, असं तिला वाटलं. पण मास्तर थांबला, आजूबाजूच्या व्यापाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "खरं बोललात वहिनी. इतकी वर्षं मी साहेबांजवळ होतो. दुपारी त्यांचा डोळा लागलेला कधी बघितला नाही."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची लाज राखायला तो तिच्याच तोंडावर खोटं बोलत होता, आणि डोळ्यांतलं पाणी मात्र खरं होतं. त्याच्या मागची शिलाईवाली बाई हात जोडून म्हणाली, "कधीच नाही, वहिनी." तिच्या मागचा कापूस भरणाराही तेच म्हणाला. ती प्रत्येकाला "हो" म्हणत राहिली. रांगेत अजून अख्खा कारखाना उभा होता.