घंगाळातलं औषध

माझी शाळा इंग्रजी, म्हणून बाटलीवरचा कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. वडील भुसावळला रेल्वेत होते. मी टायफॉइडमधून उठल्यावर त्यांनी मला हवापालटासाठी शिरपूरजवळच्या गावी, त्यांच्या थोरल्या भावाकडे पाठवलं होतं. त्यांना सगळं गाव आबा म्हणे, आम्हीही.

कपाशीवर मावा पडला होता. सोसायटीतून नवं औषध आलं होतं, तपकिरी बाटलीत, लसणासारख्या उग्र वासाचं. हे विष आहे, अंगाला लागू देऊ नये, पाण्यात कालवल्यावर लगेच फवारावं, कालवलेलं ठेवू नये, एवढं मी वाचून सांगितलं. ओट्यावर सात-आठ पुरुष होते. माझा आवाज बसत चालला.

"आन मडम, पूजा करू नका, असं बी लिखेल शे का तठे?" आबांनी विचारलं. ओटा हसला. मी खांबामागे सरकले.

आमच्या घरी शेतात पहिल्यांदा जाणारी वस्तू आधी तांब्याच्या भांड्यात ठेवून पूजत. आबांच्या विधवा बहिणीने, अक्कांनी, आंघोळीचं मोठं घंगाळ चिंचेने लालभडक घासलं. सालदाराने, म्हणजे सालभराच्या बोलीवर राहिलेल्या गड्याने, त्यात विहिरीच्या पाण्यात औषध कालवलं. अक्कांनी घंगाळाला हळदकुंकू लावलं आणि त्याच संध्याकाळी झड लागली. पाऊस थांबेपर्यंत घंगाळ ओसरीत झाकून राहिलं. पूजलेलं ओतून देत नाहीत. मधे एकदा झाकण उचललं तेव्हा पाणी पिवळं दिसलं. अक्का म्हणाल्या, हळद पडली असेल.

उघडीप झाल्यावर सालदाराने फवारणी केली. शेजारच्या शेतात त्याच सोसायटीचं औषध रॉकेलच्या डब्यात कालवून तिथल्या तिथे मारलं होतं, तिथला मावा काळा पडून गळला. आमच्या पानांवर तो तसाच वळवळत होता.

औषध विकल्याच्या संशयाने आबांनी सालदाराला अंगणात उभं केलं. तळाशी थोडं औषध उरलेलं घंगाळ ओसरीतून बाहेर आणवलं.

"कोठे इकं रे औषध? पाणी भरी ठेवं ना यामा?"

"नई आबा. कानबाई मायनी आन. एक थेंब बी नई इका."

"मंग हाई औषधच शे?"

"औषधच शे, आबा."

"खरा शे तं पी."

त्याची बायको दाराशी शेणाची पाटी घेऊन उभी होती. तिने पाटी खाली ठेवली. सालदाराने घंगाळाकडे पाहिलं, मग आबांकडे. आबांनी स्वतः भांडं बुडवून त्याच्या हातात दिलं. तो ते डोळे मिटून प्यायला आणि तिथेच जमिनीवर बसला.

जमलेले सगळे वाट पाहत राहिले. कुणीतरी बिडी पेटवली. त्याला दोनदा ओकारी झाली, पोट धरून तो कुशीवर पडून राहिला. उन्हं कलली तेव्हा उठून त्याने पाणी मागितलं.

"देखा," आबा लोकांकडे वळून म्हणाले. "औषध ऱ्हातं तं मरता. जित्ता शे, म्हंजे चोर शे."

कुणाला ते चुकीचं वाटलं नाही. त्याच दिवशी त्याचं सामान मळ्यातल्या झोपडीबाहेर टाकलं गेलं. पुढे आसपासच्या कुठल्याच गावात त्याला कुणी सालावर ठेवलं नाही. नवरा-बायको सातपुड्याकडे गेली एवढंच कळलं.

पुढे मी जळगावला कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं. एकदा तासाला सर म्हणाले, फॉस्फरसची ही कीटकनाशकं पाण्यात आपोआप मोडतात, पण सावकाश. पाण्यात तांब्याचे आयन उतरले तर ती फार लवकर मोडतात. तासानंतर मी त्यांना त्या बाटलीचं नाव सांगितलं. हे मोडलं की पाण्याला रंग येतो का, एवढंच विचारलं. ते म्हणाले, "येतो. पिवळा."

सुट्टीत गावी गेले तेव्हा आबा जेवत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी घास न थांबवता ऐकून घेतलं.

"म्हंजे इख तांबानं खाई टाकं?"

"हो."

"नई खातं तं तो मरता?"

"हो, आबा."

"मंग तेले सांग, घंगाळना उपकार मान म्हना."

"तो चोर नव्हता, एवढं गावात सांगा."

"गाव तेले कव्हयच ईसरी गयं," आबा म्हणाले आणि त्यांनी अक्कांकडे ताक मागितलं.

हात धुऊन ते ओट्यावर गेले. तिथे पत्त्यांचा डाव रंगला होता. एकाने पान लपवलं होतं आणि तो शपथा घेत होता. बाकीचे एका सुरात ओरडले, "खरा शे तं पी घंगाळमाधलं!"

सगळ्यात मोठ्याने आबा हसले.