न दुखणारा पाय

मखमलाबादच्या बाजूला आमचा गुलाबाचा मळा होता. आई सकाळी फुलं तोडायची आणि वडील ती नाशकात फुलबाजारात न्यायचे. आईला साखर निघून दोन वर्षं झाली होती. गोळ्यांनी ती आटोक्यात आली, तशा आईने गोळ्याच सोडल्या. हरसूलच्या बाजारातून आणलेली कसल्याशा मुळीची कडू भुकटी मात्र ती नेमाने घ्यायची.

एके सकाळी मी ऑफिसला निघाले, तर ओट्यापासून देवघरापर्यंत फरशीवर लाल ठसे. आधी वाटलं कुंकू सांडलंय. पण सगळे ठसे एकाच पायाचे होते.

"आई, पाय बघू."

तळव्यात काटा पार आत मोडला होता.

"दुखत नाय?"

"जरापण नाय," ती हसून म्हणाली. तिला त्याचं कौतुकच वाटत होतं.

मला उशीर होत होता. तरी काटा काढला, हळद भरली आणि मी बस पकडली.

आठवड्याने घरात कुबट वास येऊ लागला. उंदीर मेला असेल म्हणून वडिलांनी धान्याच्या कोठ्या हलवल्या, माळा उपसला. उंदीर सापडला नाही. दुसऱ्या दिवशी आईला ताप भरला. तिच्या अंगावरची चादर मी सारली, तेव्हा वास कुठून येतोय ते कळलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी काळी पडलेली बोटं पाहिली.

"साखरेने पाय बधिर होतो, जखम कळतच नाही. पहिल्याच दिवशी आणलं असतं तर ड्रेसिंगवर भागलं असतं. गोळ्या चालू होत्या ना?"

वडिलांनी आईकडे पाहिलं. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दोन बोटं काढली. आम्ही तीन आठवडे तिथेच होतो. मळ्यात गुलाब झाडावरच उमलून गळले. तोडायला कुणी नव्हतं. चार महिन्यांनी जखम पुन्हा चिघळली आणि पाय गुडघ्याखालून कापावा लागला. त्या खेपेला वडिलांनी रस्त्यालगतचा अर्धा मळा विकला. माझी नोकरी सुटली. आईजवळ कुणीतरी लागायचंच.

त्यानंतर आई बरीच वर्षं जगली. खाटेवर बसून फुलांच्या जुड्या बांधायची. रोज सकाळी मी तिचा उरलेला पाय उजेडात धरून निरखायचे. एकदाच ती म्हणाली, "काय शोधतीस एवढं?"

मी पाय उजेडाकडे वळवला. बोटांच्या बेचक्या बघायच्या राहिल्या होत्या.