दाराबाहेरच्या अनसूयामावशी

अनसूयामावशी आठवतात त्या कुठल्या तरी दाराबाहेर बसलेल्याच. मांडीवर चार पर्सा, पायाशी डब्यांच्या पिशव्या, समोर चपलांचा ढीग. देगलूरच्या ज्या मुलींच्या शाळेत मी शिकवत असे, तिथं त्या सेविका होत्या. सहल असो नाहीतर कुणाचं लग्न, सामान कुणीतरी सांभाळावं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मावशी, हे न बोलताच ठरलेलं असे. आम्ही घुटमळलो तर पदर खोचून खाली बसत आणि म्हणत, "तुमी जावा बाई, मी हाय इथं."

चपला राखण्यात त्यांचा हातखंडा होता. नांदेडच्या एका सहलीत त्यांनी मुलींच्या चपला वर्गवार लावून ठेवल्या होत्या. एकाही जोडाची अदलाबदल झाली नाही. "जिची टाच झिजली, तिचं घर लांब," हे त्यांचं गणित. पाचवीतल्या एका मुलीला रोज उशीर होई आणि मी तिला वर्गाबाहेर उभी करत असे. एक दिवस मावशींनी तिची चप्पल उचलून माझ्यापुढे धरली आणि परत ठेवली. दुसऱ्या दिवसापासून मी ती शिक्षा बंद केली.

अशा बाईनं आमच्याकडे उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मागितली. शाळेच्या ऑफिसात एक कॅलेंडर होतं, त्यावर सीमेपलीकडच्या मेदकच्या मोठ्या चर्चमधल्या रंगीत काचांच्या खिडकीचं चित्र. वर्ष संपलं तरी मावशी ते भिंतीवरून काढू देईनात. परीक्षा आटोपल्यावर आम्हा शिक्षिकांची एक दिवसाची सहल ठरत होती, तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या राहिलेल्या मावशी म्हणाल्या, "त्या काचा एकदा बघावं वाटतंय. उन्हात कशा दिसत असतील?" मावशींनाही काही बघावंसं वाटत असेल, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मेदक ठरलं.

त्या वर्षी मी फार दमले होते. शिकवणं कमी आणि मोबाईलवर माहिती भरणं जास्त, असं सगळं चाललेलं. गाडीत बसल्यापासून डोकं ठणकत होतं. बिचकुंदा, बांसवाडा करत आम्ही दुपारी पोचलो. मावशींना तेलुगू चांगलं यायचं, त्यामुळे तिथल्या रखवालदाराशी त्याच बोलल्या. चपला बाहेर काढायच्या, आत फोटो घ्यायचे नाहीत, पश्चिमेची खिडकी आता छान दिसेल, हे सगळं त्यांनीच आम्हाला समजावून सांगितलं. मग आम्ही चपला काढल्या, पर्सा त्यांच्या मांडीवर ठेवल्या आणि आत गेलो. सवयीनं. दुसरं काहीच कारण नव्हतं.

आत गार होतं. खिडकीतून आलेला निळा, तांबडा, हिरवा उजेड आमच्या साड्यांवर पडला होता. डोकेदुखी विसरून मी कितीतरी वेळ बाकावर बसून राहिले. बाहेर आले तर मावशी मान वर करून त्याच खिडकीकडे बघत होत्या. बाहेरून ती काच नुसती काळी दिसते, तव्याच्या बुडासारखी. तुम्ही जा आत, मी बसते, असं म्हणेपर्यंत ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मुख्याध्यापिका गाडीत जाऊन बसल्याही होत्या. मावशी पिशव्या उचलत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई. समदे थकून राहिले." मी पाच मिनिटं मागू शकले असते. मागितली नाहीत. मलाही घर गाठायचं होतं, आणि याची मला आजही लाज वाटते.

परतीच्या वाटेवर बाकीच्या झोपल्या. मावशी मला हळूच एकेक विचारत राहिल्या. चित्रात माणसं किती होती, निळा रंग कुठं होता, तो उजेड अंगावर पडला तर ऊब लागते का. मी डोळे मिटूनच उत्तरं दिली. पुढे त्या निवृत्त होऊन रेणापूरला लेकीकडे राहायला गेल्या. त्यांना पुन्हा मेदकला न्यायचं मी मनाशी ठरवलं होतं. या सुट्टीत नको, पुढच्या सुट्टीत, असं करत ते राहूनच गेलं.

गेल्या हिवाळ्यात मावशी वारल्याचं कळलं, तशी मी रेणापूरला भेटायला गेले. मी नाव सांगितल्यावर त्यांची लेक माझ्याजवळ सरकून बसली.

"आई शेवटपर्यंत त्या काचांचंच सांगायची," ती म्हणाली. "आत लई गर्दी हुती म्हणं, अन् तुमी तिचा हात धरून पार खिडकीखाली नेऊन उभं केलं. तिनं कधी कुणाला काही मागितलं न्हाई. तुमचे लई उपकार हायत बाई."

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. ती माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले. "बराच वेळ उभ्या होत्या त्या तिथं."