राणीचा अंबाड्यातला काटा

क्लातेन गावच्या रेल्वे फाटकापाशी लासिनाची टोपली सकाळी सकाळी मांडलेली असायची. उकडलेला पाला, त्यावर शेंगदाण्याची झणझणीत चटणी, खाली केळीचं पान आणि बाहेरून रद्दीचा कागद. तो कागद मात्र वाचल्याशिवाय लासिना गुंडाळायची नाही. गिऱ्हाईक ताटकळायचं.

"बाई, गाडी सुटंल माझी!"

"सुटू दे. इथं विहिरीतनं हात वर आलाय. कुणाचा ते तरी कळू दे मला."

तो विहिरीतला हातच तिच्या वेडाचं मूळ. अक्षरं नवऱ्यानं शिकवलेली. तो फाटकावर कामाला होता, आणि एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत माणसानं करायचं तरी काय? पण पुडी बांधता बांधता तो हात वर आला आणि पान नेमकं तिथंच फाटलेलं. उरलेलं अर्धं शोधत लासिना को लिमच्या दुकानात जाऊन पोचली ती कायमचीच. को लिम पुस्तकं भाड्यानं द्यायचा. जुन्या राजांच्या लढाया, वाऱ्यावर चालणारे तलवारबाज, केळीच्या बनात हसणाऱ्या हडळी. एकेका गोष्टीचे ढीगभर पातळ भाग, पानं हाताळून हाताळून जुन्या लुगड्यासारखी मऊ झालेली. पुढं नवरा गेला, मुलगा वाहोनो ट्रकवर लागला, लासिनाचे केस पिकले. दुकान काही सुटलं नाही.

वाहोनोची बायको रुस्तिनी. गुणी पोर, पण दोनदा तिची कूस भरली आणि दोनदा रिती झाली. दुसऱ्या वेळी शेजारीण दारात उभी राहून म्हणाली होती, "घरात भुतांचा बाजार भरलाय, पोर टिकेल कसं?" लासिनानं तिला तिथल्या तिथं झाडलं. पण कुसळासारखा तो शब्द आत रुतला, तो निघेना.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सुईण म्हणून म्बाह क्रोमोला, म्हणजे क्रोमोआजीला, बोलावलं. म्हातारीनं येताच फर्मान काढलं. "पोरीनं अंथरूण सोडायचं नाही. वाहोनोनं कोंबडी कापायची नाही, गळ टाकायचा नाही. आणि लासिना, तू—"

"मी काय केलं?"

"तुझी ती भुतावळ घराबाहेर काढ. पोटुशीच्या कानावर असलं पडू नये."

लासिनानं त्याच दिवशी पुस्तकं टोपलीत घातली आणि दुकान गाठलं. 'बिनमुंडक्याची राणी' ऐन रंगात आलेली होती.

"अकरावा भाग अर्धाच झालाय की हो!" को लिम म्हणाला. "राणी तळघरात अडकलीय. अशी सोडून जाता?"

"अडकू दे. माझी सून आधी."

"बरं, नुसता शेवट सांगू का?"

"जीभ हासडीन."

घर गप्प झालं. रुस्तिनी छताची कौलं न्याहाळत पडून असायची. कूस बदलायलाही भ्यायची. भाताची ताटली जशीच्या तशी परत यायची. लासिना शेजारी बसायची, पण बोलणार काय? चटणीला मीठ जास्त झालं एवढं एकदा सांगून झालं होतं.

एका दुपारी रुस्तिनी म्हणाली, "आई, त्या राणीचं पुढं काय झालं?"

लासिना दचकली. "कुठली राणी?"

"तीच, मुंडकं नसलेली. तुम्ही पुटपुटत वाचता. चुलीपाशी बसून सगळं ऐकलंय मी."

लासिनानं झटकन तिच्या पोटावर हात ठेवला आणि अशुभ टाळायचे शब्द पुटपुटले. "अमित-अमित! पोटातल्या जिवाला बाधा न होवो." मग जरा विचार करून म्हणाली, "मुंडकं आहे गं तिला. अंबाड्यातला काटा तेवढा हरवलाय."

"काटा?"

"सोन्याचा. तो शोधत राजवाडाभर फिरते बिचारी."

"आणि त्या सेनापतीनं तलवार उपसली होती ती?"

"उपसली ना. आणि... फणस कापला."

रुस्तिनी फिसकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली. त्या दिवशी ताटली रिकामी परत आली.

मग रोजचाच परिपाठ पडला. स्मशानातल्या हडळी शेवयांची गाडी चालवू लागल्या. लढाईत सगळ्या सैन्याला एकदम हिवताप आला आणि ते आपापल्या घरी गेलं. सातव्या महिन्याच्या न्हाणाला पिवळ्या नारळांवर देव-देवीची चित्रं कोरली, बाळ तसंच देखणं व्हावं म्हणून. तेव्हा रुस्तिनी कोरणाऱ्याला म्हणाली, "देवीच्या अंबाड्यात एक काटा कोरा हं." लासिनानं पदरात तोंड लपवलं.

दिवस भरत आले तसं पोट दुखू लागलं. वाहोनो माल घेऊन सुराबायाला गेलेला. म्बाह क्रोमो आली, हातांना तेल लावलं, पोट चाचपलं आणि पुन्हा एकदा चाचपलं.

"काय आहे म्बाह?" रुस्तिनीनं विचारलं.

"काही नाही पोरी. जरा वारा धरलाय."

सासूकडं वळून रुस्तिनी म्हणाली, "सगळेजण मला काटाच सांगता. तुम्ही तलवारीचा फणस केलात की मला हसू येतं, आई, पण मग वाटतं, माझंही असंच काही झाकून ठेवलं असेल. दोन्ही वेळेला शेवटपर्यंत सगळं बरं आहे म्हणत होतात. खरं सांगा. मुंडक्यासकट सांगा."

लासिनाच्या छातीत ते जुनं कुसळ पुन्हा टोचलं. पण पोरीचे डोळे पाहून ती सुईणीकडं वळली. "म्बाह, हिला खरं सांगा."

म्हातारीनं सुस्कारा सोडला. "बाळ आडवं आहे. फिरवता येईल. नाहीच फिरलं तर गाडी करून मोठ्या दवाखान्यात नेऊ. पण तू अशी लाकडासारखी ताठ झालीस तर माझे हात चालायचे कसे?"

रुस्तिनीनं मान हलवली. मग म्हणाली, "आता राणीचं."

लासिनानं तिच्या पोटाच्या कडेला तळवा टेकवला. "तिचं मुंडकं दिरानं उडवलं. अमित-अमित. जेवायला बोलावून."

"रक्त?"

"घागरभर. अमित-अमित."

"अमित-अमित," म्बाह क्रोमोही पुटपुटली. तिचे हात हळूहळू फिरत होते. लासिना सांगत राहिली, एकही तलवार म्यानात न घालता. रुस्तिनीच्या मुठी सुटल्या. डोळे विस्फारले, पण श्वास लांब झाला.

"राणी तळघरात उतरली. दार आपोआप लागलं. काळोखात कुणीतरी केस विंचरत होतं. आणि ते केस तिचेच होते."

म्हातारीचे हात थांबले. "अगं, पण मुंडकंच नाही ना तिला?"

"तेच तर!"

"मग? पुढं?"

"पुढं मला काय ठाऊक? तुम्हीच पुस्तक परत करायला लावलंत."

रुस्तिनीला हसू फुटलं. पोट गदागदा हलू लागलं. म्बाह क्रोमो ओरडली, "हस, हस पोरी, थांबू नकोस!" तेलकट हात सरकले, दाबले गेले, आणि तिघींनाही दिसलं: पोटाचा उंचवटा माशासारखा वळला.

"फिरलं गं बाई," म्हातारी कपाळ पुसत म्हणाली. मग लासिनावर खेकसली, "बघत काय बसलीस? जा, अकरावा भाग आण. आणि बारावाही!"

को लिमनं अकरावा भाग कुणालाच दिला नव्हता. लासिना थांबली होती त्या पानात केळीच्या पानाची वाळकी पट्टी खुणेला तशीच होती.

मुलगी झाली. फाटकावरच्या भोंग्याला लाजवील असा तिचा आवाज. बाळंतिणीची खोली पुन्हा भुतांनी भरली. म्बाह क्रोमो अंग चोळायच्या निमित्तानं यायची आणि पान संपल्याशिवाय उठायची नाही.

एके दुपारी लासिना अठरावा भाग वाचत होती तोच बाळ जागं होऊन किरकिरलं. रुस्तिनीनं त्याला छातीशी घेतलं, ओठ त्याच्या कानाशी नेले आणि हळूच म्हणाली, "एक होती राणी. तिचा अंबाड्यातला काटा हरवला..."

लासिनानं पुस्तक मिटलं आणि ऐकत बसली.